रायफलीवरील दुर्बीण

दौलताबादच्या किल्ल्यांत, चिनी महालाजवळच्या बुरुजावर, जी प्रचंड तोफ आहे तिला लोक मेंढा तोफ म्हणतात. तिच्या मागल्या टोकास मेंढ्याचें डोकें घडविलेलें आहे म्हणून हें नांव पडलें. तिचें फारसी नांव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ले फोडणारी, असें आहे. ती एका आंसावर बसविलेली असल्यामुळें तिचें तोंड निरनिराळ्या दिशांस वळवितां येत असे. छत्रपति संभाजीनगराहून सहलीस येणारीं मुलें तिच्या पाठीवर हात फिरवितात आणि गोळा किती वजनाचा होता हें विचारतात. पण तो गोळा नेमका कोठें पडावा हें गोलंदाज कसें ठरवीत असे, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे. गोलंदाज तोफेच्या पाठीवरून नजर टाकी, दूरच्या खुणेशीं ती जुळवी आणि बाकीचें काम अनुभवावर सोपवी. ह्या क्रियेस जुन्या भाषेंत ‘शिस्त धरणें’ असें म्हणत. आज शाळेंत शिस्त म्हटली कीं रांग आणि छडी आठवते. परंतु नेम हा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे, आणि हिंदींतून कवाईत शिकविणाऱ्या उस्तादांच्या तोंडीं तो अद्यापि त्याच अर्थानें ऐकूं येतो.

तोफेपासून रायफलीपर्यंत यंत्र पुष्कळ सुधारलें, तरी शिस्त धरण्यांतील अडचण एकच राहिली. साध्या रायफलीवर मागें खांच असते, पुढें नळीच्या टोकाशीं माशी असते आणि दूर लक्ष्य असतें. तिन्ही वस्तु एका रेषेंत आणावयाच्या असतात. परंतु डोळा एका वेळीं एकाच अंतरावरची वस्तु स्पष्ट पाहूं शकतो. श्रोत्यांनीं हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहावें. समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेचे आंकडे पुसट होतील. आंकड्यांकडे पाहावें, नख पुसट होईल. तरुणाचा डोळा ह्या अंतरांमध्यें इतक्या चपळाईनें ये-जा करतो कीं ही उणीव त्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. चाळिशी लागली म्हणजे मात्र मागली खांच आधीं विरघळूं लागते, मग माशीच्या कडा फुगतात, आणि एके काळचा उत्तम नेमबाज रायफलीला दोष देऊं लागतो.

दुर्बीण हा ह्या अडचणीवरचा उपाय आहे, आणि तो काय आहे हें नीट समजून घेतलें पाहिजे. पुढल्या भिंगामुळें लक्ष्याची प्रतिमा नळकांड्याच्या आंत एका ठराविक ठिकाणीं उमटते. बारीक तारांची फुली बरोबर त्याच ठिकाणीं बसविलेली असते. त्यामुळें लक्ष्य आणि खूण हीं दोन्ही डोळ्याला एकाच अंतरावर भासतात. खांच नाहीं, माशी नाहीं, ये-जा नाहीं. वस्तु मोठी दिसणें हा दुर्बिणीचा दुय्यम गुण आहे. पुष्कळ ग्राहक ह्याच्या उलट समजतात, आणि पुढचे बहुतेक घोटाळे ह्या एका गैरसमजांतून निघतात.

ही युक्ति प्रथम ज्योतिष्यांना सांपडली. १६४० च्या सुमारास विल्यम गॅसकॉइन नांवाच्या इंग्रज ज्योतिषाच्या दुर्बिणींत एका कोळ्यानें धागा ताणला, आणि तो धागा आकाशांतील बिंबाइतकाच स्पष्ट दिसतो असें त्याच्या ध्यानांत आलें. तोच गॅसकॉइन १६४४ सालीं मार्स्टन मूरच्या लढाईंत मारला गेला. बंदुकीवर दुर्बीण चढण्यास त्यानंतर जवळजवळ दोन शतकें लागलीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकन कारागिरांनीं लांबच लांब पितळी नळकांडीं रायफलींवर बसविण्यास आरंभ केला. कोळ्याचा धागा मात्र मापनयंत्रें बनविणाऱ्यांनीं विसाव्या शतकापर्यंत सोडला नाहीं, कारण तितका बारीक आणि तितका चिवट तंतु मनुष्याला सहजी साधत नव्हता.

आतां मराठवाड्यांत ही वस्तु हवी कोणाला? निजामी अमलांत औरंगाबादच्या डोंगरांत शिकारी हिंडत, तो काळ संपला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि १९९१ सालच्या त्याच्या दुरुस्तीनें शिकारीचा छंद कायमचा बंद केला, आणि तें योग्यच झालें. क्रीडा म्हणून नेमबाजी करणाऱ्यांना दुर्बीण लागते अशी समजूत आहे. तीहि खरी नाहीं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ह्यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें पन्नास मीटर रायफलीचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे ह्यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें, तें दोन्ही वेळां दुर्बिणीवांचून. त्या स्पर्धांत रायफलीवर भिंगाची दुर्बीण चालत नाहीं. मागें बारीक छिद्राची चकती आणि पुढें गोल कडें, एवढ्यावरच शिस्त धरावी लागते. तेव्हां ज्या मुलाला त्या वाटेनें जावयाचें आहे त्याच्या वडिलांनीं दुर्बिणीवर पैसा घालूं नये.

मग राहिले कोण? कन्नड, सोयगांव, खुलताबाद ह्या तालुक्यांत डोंगराच्या कडेला शेती असणारे परवानाधारक शेतकरी. वनखात्याचे व पोलिसांचे लोक. मैदानावर लांब पल्ल्याची हौस भागविणारे थोडे नेमबाज. आणि छर्ऱ्याची हवाई बंदूक बाळगणारी तरुण मंडळी. ह्यांतील शेतकऱ्यांविषयीं प्रथम बोललें पाहिजे, कारण त्यांच्या बाबतींत चुकीची किंमत मोठी आहे.

रानडुकरांचा कळप मक्यांत शिरला म्हणजे एका रात्रींत वर्षाचें पीक जातें, हें खोटें नाहीं. रानडुक्कर किंवा रोही ह्यांच्यावर वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवांचून बंदूक उचलतां येत नाहीं, हेंहि सर्वांस ठाऊक आहे. परंतु परवानगी हातीं असलेला मनुष्यसुद्धां अंधारांत एक भयंकर गोष्ट करतो : शेताच्या टोकाला कांहीं हललें कीं ‘काय आहे तें पाहूं’ म्हणून तो रायफल खांद्याला लावून दुर्बिणींतून पाहतो. दुर्बिणींतून पाहणें म्हणजे त्या वस्तूवर भरलेली नळी रोखणें होय. हललेली वस्तु डुक्कर असेल, शेजारचें वासरूं असेल, माळ्यावरून उतरलेला राखणदार असेल, पाण्याची पाळी द्यावयास रात्रीं निघालेला भाऊ असेल. ओळख पटविण्याचें काम विजेरीचें किंवा हातांतल्या साध्या जोडदुर्बिणीचें आहे; रायफलीवरील दुर्बिणीचें नव्हे. जनावर ओळखलें, त्याच्या मागें काय आहे तें पाहिलें, आणि मगच रायफल खांद्याला लावली, हा क्रम ज्याला पाळतां येत नाहीं त्यानें पुढचें सारें ऐकूनहि उपयोग नाहीं.

दुसरा धोका ह्याहून लपलेला आहे. दुर्बीण नळीच्या वर चार-पांच सेंटिमीटर असते. दगडी बांधाआड बसलेल्या मनुष्याला दुर्बिणींतून समोरचें शेत स्वच्छ दिसतें. पण त्याच्या नळीचें तोंड बांधाच्या वरच्या दगडाकडेच वळलेलें असूं शकतें. चाप ओढल्यावर गोळी त्या दगडावर फुटते आणि तुकडे कोणाकडे जातील ह्याचा नेम नाहीं. साध्या माशीवर हें घडत नाहीं, कारण तेथें नजर आणि नळी जवळजवळ एकच असतात.

खरेदीपूर्वीं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे शहरांत पोलिस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागांत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, चालू नियम विचारून घ्यावा. अशा साधनांविषयींचे, विशेषतः परदेशांतून आणण्याविषयींचे, नियम बदलत असतात. दुकानदाराच्या शब्दावर विसंबूं नये.

दुर्बिणीवर ४ × ३२ असे आंकडे असतात. पहिला आंकडा वस्तु किती पट जवळ भासते तें सांगतो. दुसरा पुढल्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. दुसऱ्यास पहिल्यानें भागावें. बत्तीस भागिलें चार म्हणजे आठ. डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत आठ मिलिमीटर जाडीचा आहे, असा त्याचा अर्थ. आतां १२ × ४० घ्या. भागाकार सव्वातीनच्या आसपास येतो. भर दुपारीं डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरांपर्यंत आक्रसलेली असते, त्यामुळें दुकानाच्या दारांत उभें राहून पाहणाऱ्याला दोन्ही दुर्बिणी सारख्याच तेजस्वी वाटतात, आणि तो बारा पटीची घेऊन घरीं येतो. संध्याकाळीं बाहुली पांच-सहा मिलिमीटर उघडते. तेव्हां सव्वातीनाचा झोत तिला पुरत नाहीं आणि चित्र काळवंडतें. म्हणून दुर्बीण पाहावयाची तर दिवेलागणीला पाहावी, आणि पाटी वाचून नव्हे, तर झाडाखालच्या सावलींतील खोड व फांद्या वेगळ्या दिसतात कीं नाहींत हें पाहून पारखावी.

पटीचा मोह दुसऱ्याहि कारणानें वाईट. चार पटीच्या दुर्बिणींतून शंभर मीटरांवर सुमारें नऊ-दहा मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. बारा पटीच्या दुर्बिणींतून जेमतेम तीन. लक्ष्य शोधतां शोधतांच वेळ जातो. हाताचा कंप तितक्याच पटीनें मोठा होतो. शिवाय आपल्याकडे चैत्र-वैशाखांत दहा वाजल्यानंतर काळ्या कातळावरून ज्या झळा उठतात त्यांचीहि पट वाढते. वीस पटीच्या दुर्बिणींतून दुपारचें लक्ष्य पाण्यांत बुडाल्यासारखें नाचूं लागतें. भारतीय सैन्यांत वापरल्या गेलेल्या रशियन द्रागुनोव्ह रायफलीची दुर्बीण ४ × २४ आहे. शेंकडों मीटरांवर नेम धरणाऱ्या शिपायाला जी चार पट पुरते, ती पन्नास पावलांवरच्या कामाला अपुरी कशी म्हणावी? पट कमी-अधिक करतां येणारी, तीन ते नऊ पटींची दुर्बीण घेण्यास हरकत नाहीं. मात्र ती नेहमीं तीनवर ठेवावी आणि लक्ष्य सांपडल्यावर, वेळ असल्यास, वाढवावी.

डिसेंबर २०१९ मध्यें शहरांतल्या सिडकोच्या भरवस्तींत बिबट्या शिरला होता आणि वनखात्यानें त्याला बेशुद्ध करून पकडलें. अशा कामांत औषधाची सुई अगदीं थोड्या अंतरावरून मारावयाची असते. तेथें बारा पटीची दुर्बीण लावली तर चौकटींत नुसते ठिपके भरतील आणि तें अंग खांद्याचें कीं पोटाचें हें कळणार नाहीं. पोटांत लागलेली सुई जनावराचा जीव घेऊं शकते.

आणखी कांहीं गोष्टी थोडक्यांत. नळकांडें एक इंच जाडीचें असतें किंवा तीस मिलिमीटर. जाड नळकांड्यांतून अधिक उजेड येतो ही दुकानांतली कहाणी आहे, त्यानें फुली हलविण्यास जागा अधिक मिळते इतकेंच. डोळा आणि मागलें भिंग ह्यांत आठ-नऊ सेंटिमीटर अंतर राखूनहि पूर्ण चित्र दिसलें पाहिजे. ज्या दुर्बिणीला डोळा चिकटवावा लागतो ती मोठ्या रायफलीच्या पहिल्याच धक्क्याला भुंवई फोडते, आणि तो चंद्रकोरीसारखा व्रण जन्मभर राहतो. डोळा किंचित् डावी-उजवीकडे हलविला असतां फुली लक्ष्यावरून सरकतांना दिसते, ह्या दोषाला पॅरॅलॅक्स म्हणतात. भिंतीवरील घड्याळाचा कांटा बाजूनें पाहिल्यास मिनिट-दोन मिनिटें चुकतो, तोच हा प्रकार. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणींत हा दोष बहुधा शंभर मीटरांच्या आसपास शून्य केलेला असतो. दहा-वीस मीटरांवर तो पुन्हा डोकें वर काढतो. म्हणून हवाई बंदुकीस जवळच्या अंतरासाठीं बनविलेली किंवा अंतर जुळवितां येणारी दुर्बीण घ्यावी.

हवाई बंदुकीची गोष्ट निघालीच आहे तर एक नवल सांगितलें पाहिजे. छर्ऱ्याच्या बंदुकीचा धक्का हलका, म्हणून तिला कसलीहि दुर्बीण चालेल असें तरुणांना वाटतें. परंतु स्प्रिंगच्या हवाई बंदुकींत जड दट्ट्या पुढें धांवतो तेव्हां बंदूक मागें सरकते, आणि दट्ट्या टोकाशीं आदळून थांबतो तेव्हां ती पुढें झटका खाते. दोन धक्के, दोन विरुद्ध दिशांनीं. मोठ्या रायफलीची दुर्बीण एकाच दिशेचा धक्का सोसण्यासाठीं बांधलेली असते. चांगली किंमतीची दुर्बीणसुद्धां हवाई बंदुकीवर अल्पावधींत आंतून खिळखिळी होऊं शकते. शिवाय तिची बैठक मागें सरकत जाते. ‘हवाई बंदुकीसाठीं’ असा स्पष्ट उल्लेख असलेली दुर्बीण आणि बैठकीला मागें अडविणारी खुंटी, ह्या दोन गोष्टी तेथें सोडूं नयेत.

आतां बसवणी, आणि खरी मेख येथेंच आहे. लोक दुर्बिणीवर मोठी रक्कम खर्चतात आणि तिला धरणारीं कडीं जी हातीं येतील तीं घेतात. थोडें गणित करूं. दोन कड्यांमध्यें दहा सेंटिमीटर अंतर आहे असें समजा. त्यांतलें एक कडें वहीच्या एका कागदाइतकें, म्हणजे एक दशांश मिलिमीटर, वर उचललें गेलें. दहा सेंटिमीटरांत एक दशांश मिलिमीटर म्हणजे हजारांत एक. शंभर मीटरांवर हजारांत एक म्हणजे दहा सेंटिमीटर. एका कागदाच्या जाडीनें गोळी अर्ध्या वितीच्या जवळपास चुकली! ही चूक स्थिर असेल तर फुली हलवून ती भरून काढतां येते. पण स्क्रू सैल असेल तर ती चूक प्रत्येक बाराला वेगळी होते, आणि मग मनुष्य आपल्या श्वासाला, चापाला, काडतुसाला आणि शेवटीं नशिबाला बोल लावीत बसतो.

आपल्याकडील परवानाधारकांजवळ पुष्कळदां सरकारी कारखान्यांतील ०.३१५ ची रायफल असते. ती साध्या माशीसाठीं बनविलेली. तिच्यावर बैठक चढवावयाची तर बहुधा पोलादांत छिद्रें पाडून आटे पाडावे लागतात. हें काम गांवच्या लेथवर करून घेऊं नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें शस्त्रदुरुस्तीला परवाना लागतो हें एक कारण. आणि ज्या पोलादाला काडतुसाचा दाब सोसावयाचा आहे त्यांत चुकीच्या जागीं पाडलेलें छिद्र मनुष्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतें, हें दुसरें आणि अधिक मोठें.

बैठक बसविण्यापूर्वीं छिद्रांतील आणि स्क्रूवरील तेल पूर्ण पुसून काढावें. तेलकट आटा धक्क्यांनीं हळूहळू उलटा फिरतो. रायफल रिकामी आहे हें डोळ्यांनीं आणि बोटानें तपासून बोल्ट काढून ठेवावा. खालचीं अर्धीं कडीं बसवून दुर्बीण नुसती ठेवून पाहावी. ती दोहोंत आपल्या वजनानें सपाट बसली पाहिजे, दाबून बसवावी लागतां कामा नये. मग वरचीं अर्धीं कडीं ठेवून स्क्रू अगदीं हलके लावावे आणि नेहमीच्या जाड कपड्यांत रायफल खांद्याला घेऊन, डोळे मिटून, गाल दस्त्याला टेकवावा. डोळे उघडतांच पूर्ण गोल चित्र दिसलें तर दुर्बीण योग्य जागीं आहे. कडेला काळी सावली दिसली तर ती पुढें-मागें सरकवावी. मानेनें दुर्बिणीला जुळवून घ्यावयाचें नसतें, दुर्बिणीनें मानेला जुळवून घ्यावयाचें असतें.

नंतर फुली उभी करावी. ह्यासाठीं गवंड्याच्या ओळंब्याइतकें चांगलें साधन नाहीं. वीस-पंचवीस पावलांवर ओळंबा टांगावा, रायफल पाणसळीनें आडवी सपाट करून पक्की टेकवावी, आणि उभी तार दोरीशीं मिळेपर्यंत दुर्बीण कड्यांत फिरवावी. फुली पांच अंश कलती राहिली तर पन्नास सेंटिमीटर वर घेतलेली गोळी चार सेंटिमीटरांहून अधिक बाजूला जाते. नभोवाणीवर आकृति काढून दाखवितां येत नाहीं. ज्यांना त्रिकोणमिति आठवते त्यांनीं पांच अंशांची ज्या काढून पाहावी. शेवटीं स्क्रू आवळावे ते आळीपाळीनें, एकेक पाव फेरा, समोरासमोरचे. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. आवळण्याचें बळ मोजणारें हत्यार मिळाल्यास उत्तम. कारण हे स्क्रू लहान असतात आणि जोरकस मनगट नळकांडेंच चेपून टाकतें. आवळून झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या माथ्यावरून कड्यावर नखांच्या रंगाची एक बारीक रेघ ओढावी. पुढें कधीं स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

बोल्ट काढलेला असतांनाच नळीच्या मागून पाहावें. नळीच्या गोलांत दूरची एखादी खूण मध्यभागीं आणावी आणि रायफल न हलवितां फुली त्याच खुणेवर आणावी. ह्यानें पहिली गोळी निदान कागदावर पडते. पुढचें काम अधिकृत नेमबाजी मैदानावरच करावयाचें. शेतांत, माळावर किंवा ओढ्यांत नव्हे. आधीं पंचवीस मीटर, मग शंभर. प्रत्येक वेळीं तीन गोळ्या सावकाश माराव्या आणि त्या तिहींचा मध्य पाहावा. एक गोळी मारून लगेच फिरकी फिरविणारा मनुष्य दिवसभर आपल्याच चुकांचा पाठलाग करतो. बऱ्याच दुर्बिणींत फिरकीचा एक ‘टक’ शंभर मीटरांवर सुमारें सात मिलिमीटरांचा असतो. तिन्ही गोळ्यांचा मध्य चौदा सेंटिमीटर खालीं असला तर वीस टक वर. पंचवीस मीटरांवर तोच टक पावणेदोन मिलिमीटरांचाच होतो, म्हणून तेथें चौपट फिरवावें लागतें. हे आंकडे, काडतुसाचा प्रकार आणि तारीख एका वहींत लिहून ठेवावीं. काडतूस बदललें तर हें सारें पुन्हा करावें लागतें. त्यांत कंटाळा करण्यास जागा नाहीं.

निगेविषयीं. आपली धूळ साधी नव्हे. तिच्यांत गारेचे कठीण कण असतात. उपरण्याच्या किंवा रुमालाच्या टोकानें भिंग पुसणें म्हणजे त्यावर पॉलिशकागद फिरविणें. भिंगावर अति पातळ लेप असतात, आणि तेच उजेड आंत नेतात. ते खरवडले गेले कीं परत येत नाहींत. आधीं रबरी फुग्यानें हवा मारावी, मग मऊ कुंचल्यानें झाडावें, आणि डाग उरलाच तर भिंगासाठींच्या कागदाला थेंबभर द्रव लावून मधून कडेकडे पुसावें. तोंडानें फुंकर घालूं नये. तिच्याबरोबर थुंकीचे कण जातात. नळीला लावावयाचें तेल भिंगाच्या आसपास येऊं देऊं नये. झांकणें वापरावींत, चांगल्या दुर्बिणीचें अर्धें आयुष्य त्या दोन झांकणांत असतें. आणि सूर्याकडे ती कधींहि, क्षणभरहि, रोखूं नये, डोळा जाईल.

उन्हाळ्यांत बंद मोटारीच्या मागल्या कांचेखालीं दुर्बीण ठेवली तर आंतील वंगण आणि चिकटवण सैल होते. पावसाळ्यांत उलट संकट. मृगापासून पुढें दोन-तीन महिने कापडी किंवा कातडी खोळ ओल धरून बसते आणि भिंगावर कोळिष्टकासारखी बुरशी उगवते. तिची मुळें लेप खातात. कोरड्या दिवसांत दिसायला सुंदर वाटणारी ती कातडी पेटी पावसाळ्यांत दुर्बिणीची वैरीण ठरते. लोखंडी कपाटांत, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या ठेवून, खोळीवांचून ठेवावी. दाण्यांचा रंग पालटला कीं ते तापवून सुकवावे. आंतून धुकें धरलें तर दुर्बीण उघडूं नये. आंत कोरडा वायु भरलेला असतो, तो एकदां गेला कीं घरीं भरतां येत नाहीं.

पडलेल्या दुर्बिणीवर विश्वास ठेवूं नये, बाहेरून ओरखडा नसला तरी. भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीचा आद्य प्रवर्तक विल्यम लँबटन ह्याचें अवजड कोनमापक यंत्र १८०८ सालीं तंजावरच्या मंदिरावर चढवितांना दोर तुटून भिंतीवर आदळलें आणि त्याचें वर्तुळ वांकलें. लँबटननें तंबूंत बसून कित्येक आठवडे खपून तें हातानें पूर्ववत् केलें आणि पुढें त्याच यंत्रानें मोजणी चालविली. १८२३ सालीं हा मनुष्य आपल्याच वर्धा जिल्ह्यांत हिंगणघाट येथें वारला. त्याला यंत्र कोठें वांकलें तें डोळ्यांनीं दिसत होतें आणि तें सरळ करण्याची विद्याहि त्याच्यापाशीं होती. दुर्बिणीच्या बंद नळकांड्यांत काय सरकलें तें कोणाला दिसत नाहीं. तें फक्त कागदावर तीन गोळ्या मारून कळतें.

ह्यासंबंधीं परवानाधारकांच्या नेहमींच्या अनुभवांतली एक गोष्ट उरली. निवडणुका लागल्या कीं आदेशाप्रमाणें पुष्कळांना शस्त्र पोलिस ठाण्यांत जमा करावें लागतें. २०२४ सालीं औरंगाबाद लोकसभा मतदारसंघांत १३ मे रोजीं आणि विधानसभेसाठीं २० नोव्हेंबर रोजीं मतदान झालें. म्हणजे एकाच वर्षांत दोनदां शस्त्र देण्या-आणण्याचा प्रसंग आला. एका कोठडींत अनेक बंदुका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या कीं एक घसरली तरी शेजारचीला धक्का बसतोच. त्यांत दोष कोणाचा म्हणावा? जमा करतांना शक्य असल्यास दुर्बीण बैठकीसह उतरवून घरच्या कपाटांत ठेवावी. उतरवितां येत नसल्यास जाड कापडांत गुंडाळावी, झांकणें घालावींत आणि पावतीवर ‘दुर्बिणीसह’ असा शब्द लिहवून घ्यावा. रायफल परत आली म्हणजे प्रथम नखांच्या रंगाच्या रेघा पाहाव्या, मग वहींतील शेवटचे आंकडे काढावे, आणि मैदानावर जाऊन तीन गोळ्या माराव्या. उतरवून पुन्हा चढविलेली दुर्बीण पहिल्याच जागीं बसली असें बैठकीचा कारखानदार सांगतो. तरीहि तीन गोळ्या माराव्याच. तोंवर ती रायफल शेतावर नेऊं नये.